हळदीचा पेला

आदरणीय अध्यक्ष आणि आमच्या संस्थेचे संचालक महोदय, माझ्या शेजारी बसलेले आणि सवयीप्रमाणे सगळ्यांचं नुसतं ऐकून घेणारे मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर, माझे सहकारी, आजी-माजी विद्यार्थी, त्यांच्याबरोबर आलेली आणि मघापासून संशय यावा इतकी शहाण्यासारखी वागणारी त्यांची मुलं, आणि सभागृहातल्या सर्व बंधुभगिनींनो,

मागे ऐकू येतंय ना? विचारायची पद्धत आहे म्हणून विचारत नाही. हे वरचे दिवे थेट माझ्या डोळ्यांवर येतात. पुढच्या काही रांगा सोडल्या तर मला सगळा अंधारच दिसतो, आणि त्या अंधाराच्या टोकाला ते दार. दार मात्र स्वच्छ दिसतं. कृपा करून ते उघडंच राहू द्या. जरा उकडतंय.

निवृत्तीच्या सत्काराला उत्तर द्यायचं असतं म्हणतात. प्रश्न काय होता ते कोणी सांगत नाही. मघाशी एका वक्त्याने माझ्याविषयी सांगितलं की मॅडम कधी घाई करत नसत, तेव्हा पुढच्या रांगेत जे हसू फुटलं ते कोणाचं होतं हे मला कळलं आहे. घाई करत नसे? अहो, मी जन्माची उतावीळ. फोडणी तडतडायच्या आधी भाजी टाकणारी. म्हणून तर दुसऱ्याचा उतावीळपणा मला लगेच दिसायचा, आणि मी लगेच म्हणायचे, ‘पी हळद आणि हो गोरी!’ माझ्यामागे मला हळदबाई म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. दचकू नका. नाव मला आवडतं. त्याच्यामागे एक गोष्ट आहे, आणि ती आज सांगायची परवानगी मी घेतली आहे. कोणाची, ते ओघात येईलच.

अध्यक्ष महोदय, मी थोडी रेंगाळणार आहे. मला कारण आहे.

मला एक धाकटी बहीण आहे. लहानपणी ती इतकी बोलायची, की आईने तिचं नाव टकळी ठेवलं. खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीत राहिलं. आम्ही दोघी कॉन्व्हेंटच्या मुली. उंच खिडक्या, लाकडी बाकांना मेणाच्या पॉलिशचा वास, सकाळी प्रार्थना, दुपारी शिवण, आणि फाटकाच्या आत पाऊल टाकलं की इंग्रजी. घरची भाषा फक्त घरी, आणि तीही अर्धीमुर्धी. बाबा ‘माझे बारा वाजले’ म्हणाले की आम्ही घड्याळाकडे बघायचो. आई म्हणाली, पोटात कावळे ओरडताहेत, तर टकळीने तिच्या पोटाला कान लावला होता. शब्द आम्हाला कळायचे, त्यांच्यामागचं हसू कळायचं नाही.

एकदा शाळेत नाटक बसत होतं. टकळीला परी व्हायचं होतं. वर्गातली कोणीतरी म्हणाली, परी गोरी असते. आमची टकळी चांगली सावळी. ती घरी आली ती तरातरा आईकडेच. आई धुणं वाळत घालत होती, तोंडात चिमटे. ‘आई, मला उद्यापर्यंत गोरं व्हायचंय.’ आईने चिमटा काढला आणि म्हणाली, ‘हो तर! पी हळद आणि हो गोरी!’ आणि चिमटा परत तोंडात घातला.

आपल्याला ही म्हण माहीत आहे. आज पेरलं आणि उद्या उगवायला हवं असलं की ती ऐकवतात. टकळीला वाटलं, आईने औषध सांगितलं.

मी स्वयंपाकघराच्या दाराशी राखण करत उभी राहिले. तिने पेलाभर पाण्यात चमचे भरभरून हळद ढवळली, एका हाताने नाक दाबलं आणि घटाघट प्यायली. हळदीचं ते पाणी फार वाईट लागतं. आधी मातकट, मग कडू, आणि शेवटी घशाच्या मागे एक खरखर राहते, ती किती थुंकलं तरी जात नाही. प्यायल्यावर ती ताटाच्या पाठीत तोंड बघत बसली. आई आत आली तर हिला पिवळ्या मिशा.

‘हे काय?’

‘हळद प्यायले.’

‘कोणी सांगितलं तुला?’

‘तूच!’

आई खाली जमिनीवरच बसली. हसू आवरेना. तिच्या हसण्याकडे टकळीने दुर्लक्ष केलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, ‘किती वेळ लागतो?’

ती परी झाली नाही. पण पडद्यामागून परीचा आवाज तिनेच दिला, कारण तसा खणखणीत आवाज शाळेत दुसरा नव्हता. पुढे त्याच आवाजावर ती रेडिओत निवेदिका झाली. इथल्या अनेकांनी सकाळी तिचा आवाज ऐकत दाढी केली असेल, डबे भरले असतील.

आणि तिचा तो प्रश्न? तो माझ्या मानगुटीवर बसला. किती वेळ लागतो? निधी देणाऱ्यांनी विचारला, वार्ताहरांनी विचारला, आमच्या संचालक महोदयांनी तर प्रत्येक बैठकीत विचारला. संचालक महोदय हसताहेत. अजूनही तोच प्रश्न मनात आहे त्यांच्या, फक्त आज तो भाषणाविषयी आहे.

तर, हळद. जे प्रयोगशाळेतले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मुलांनीही ऐका, सोपं आहे.

हळदीत एक पिवळं द्रव्य असतं. त्याचा खोल, आजारासारख्या उदासीवर काही उपयोग होईल का, हे आम्ही तपासत आलो. निसर्गात अशी बरीच द्रव्यं आहेत. अडचण ती मेंदूपर्यंत नेण्याची आहे. हे पिवळं द्रव्य पाण्यात विरघळत नाही. पोटातून घेतलं तर आतड्यातून धड शोषलं जात नाही. जे थोडं रक्तात शिरतं त्याची यकृत वासलात लावतं. आणि त्यातूनही काही धडपडत मेंदूपाशी पोहोचलं, तर तिथे दार बंद. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट विणीच्या असतात, की रक्तातलं सगळं काही आत जाऊ शकत नाही. ते आपल्या भल्यासाठीच आहे. पण औषधालाही तोच नियम लागतो. म्हणजे टकळीने हंडाभर हळद प्यायली असती, तरी तिच्या डोक्यात काही शिरलं नसतं.

म्हणून आम्ही त्या द्रव्याला डबीत घातलं. मेदाची डबी, इतकी लहान की केसाच्या जाडीत अशा शेकडो डब्या ओळीने बसतील. शोधनिबंधात तिला नॅनोवाहक म्हणतो. प्रयोगशाळेत आम्ही डबीच म्हणतो. ‘डब्या टिकल्या का गं?’ ‘नाही मॅडम, फुटल्या.’ कित्येक सकाळी असंच. बाटली उजेडात धरावी तर वर पाणी, तळाशी पिवळा गाळ. माझे कोट पिवळे, नखं पिवळी, एकदा तर फोनवर बोलता बोलता कानही पिवळा झाला होता.

डबी टिकायला लागली तसा माझा उतावीळपणा उफाळला. म्हटलं, अजून भरा. दुप्पट भरा. भरलं की डबी फुगायची आणि फुटायची. शेवटी माझी एक विद्यार्थिनी, ती बघा, खाली मान घालून हसतेय, मला म्हणाली, ‘मॅडम, नाकापेक्षा मोती जड होतोय.’ माझीच युक्ती माझ्यावर उलटवली हिने! आणि बोलली तेही नेमकं, कारण आमची वाट नाकातूनच होती. नाकाच्या छताशी वास घेणाऱ्या मज्जातंतूंची टोकं असतात. तिथून मेंदूकडे एक आडवाट जाते. पुढच्या दाराने घेत नाहीत ना, मग मागच्या दाराने जाऊ, असा आमचा विचार. डब्यांचा एक थेंब नाकात.

कोणी आलं का? नाही. चहा आला. दादा, तिथेच ठेवा, झाकून. अजून थोडा वेळ आहे.

चहावरूनच पुढचं सांगते.

हे सगळं आम्ही उंदरांवर तपासलं. उंदीर उदास आहे हे ओळखायचं कसं? तो काही बोलत नाही. तर त्याच्या पिंजऱ्याला दोन बाटल्या लावायच्या. एकीत साधं पाणी, दुसरीत साखरेचं. बरा असलेला उंदीर गोड बाटलीकडे पळतो. खूप दिवस ताणाखाली राहिलेला उंदीर कुठलीही बाटली चाटतो. त्याला चव कळत नाही असं नाही. गोडाचं त्याला काही वाटेनासं होतं.

दर रविवारी मी टकळीकडे जायचे. एका रविवारी चहा मी केला आणि साखर घालायला विसरले. पहिल्या घोटाला माझंच तोंड वाकडं झालं. ती पीत राहिली. सगळा कप संपवला. मी म्हटलं, ‘टकळे, साखर नव्हती त्यात.’

‘असं होय?’ ती म्हणाली. ‘चालतंय की.’

ही मुलगी लहानपणी बिस्किटावरची साखर चाटून घ्यायची आणि उरलेलं बिस्कीट उदार मनाने मला द्यायची. मी कप खाली ठेवला. तिच्या खिडकीबाहेर कोणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता, आणि मला वाटलं की मी आत्ताच्या आत्ता काहीतरी केलं पाहिजे, फक्त काय ते कळत नव्हतं.

मग भाचीकडून कळलं. टकळीने रेडिओवर जाणं सोडलं होतं. ‘मावशी, आई दिवस दिवस बोलत नाही. काही विचारलं की हं म्हणते. मी घरात आहे की नाही याच्याशीही तिला काही घेणं नाही.’ तुम्ही आता मनात म्हणाल, काय झालं होतं? सगळे हेच विचारतात. नवऱ्याशी भांडण? नोकरीचं काही? कोणी गेलं का? काही झालं नव्हतं हो. पाय मोडला तर कोणी पायाला विचारत नाही की तुला कसलं दुःख आहे.

आणि एक दिवस तीच बोलली. खूप दिवसांनी आख्खं वाक्य बोलली. म्हणाली, ‘तुझी ती हळद मला आणून दे.’

मी म्हटलं, ‘ती माणसांसाठी नाही गं अजून.’

‘उंदरांना देतेस ना?’

‘देते.’

‘उंदराला देतेस आणि बहिणीला नाही?’

‘तू उंदीर नाहीस म्हणूनच.’

‘असते तर बरं झालं असतं,’ ती म्हणाली. ‘रोज बघायला तरी आली असतीस.’

मंडळी, माझ्या प्रयोगशाळेच्या फ्रीजची चावी माझ्या गळ्यात असायची. एक थेंब. कोणाला कळलंही नसतं. माझे हात शिवशिवत होते, हे मी लपवत नाही. पण उंदराचं नाक आणि माणसाचं नाक यांत फार अंतर आहे. किती द्यायचं ते आम्हाला ठाऊक नव्हतं. त्या डब्या माणसाच्या नाकाच्या नाजूक अस्तराचं काय करतील, आत गेल्यावर रिकाम्या डब्यांचं पुढे काय होईल, ठाऊक नव्हतं. आणि आधीच इतक्या अंधारात असलेल्या माणसावर आपलं अज्ञान टाकायचं? मी नाही म्हटलं. पुन्हा तशी वेळ आली तरी नाहीच म्हणेन.

तिने विचारलं, ‘माणसांना द्यायला किती वेळ लागतो?’

परी व्हायचं होतं तेव्हा ज्या आवाजात विचारलं होतं, तो हा आवाज नव्हता. मी म्हटलं, ‘वर्षं लागतात गं. आणि तरी उपयोग होईलच असं नाही. तू आत्ता डॉक्टरांकडे चल. माणसांवर तपासलेल्या गोळ्या आहेत त्यांच्याकडे, साध्या, नेहमीच्या.’

तर मला म्हणते, ‘स्वतःच्या दुकानातला माल द्यायचा नाही आणि शेजारच्या दुकानात पाठवायचं. छान आहे तुझा धंदा!’

आणि तिने दार लावून घेतलं. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलली नाही. मी रविवारी जायचे, भाची दार उघडायची, टकळीच्या खोलीचं दार बंद असायचं. मी बंद दाराशी बसून गप्पा मारायचे. आज डब्या टिकल्या, आज फुटल्या.

डॉक्टरांकडे तिला शेवटी भाचीने नेलं. ते डॉक्टर आत्ता माझ्या शेजारी बसले आहेत. दुपारी आम्ही एकाच टेबलावर डबा खातो. मी कितीदा आडून आडून विचारलं, बरी आहे ना ती? हे म्हणायचे, ‘आज उकाडा फार आहे.’ भर थंडीत! एकदा चिडून मी म्हटलं, ‘अहो, मी सख्खी बहीण आहे.’ म्हणाले, ‘म्हणूनच तर सांगत नाही. भाजीत मीठ जास्त झालंय का?’ तेव्हा राग आला होता डॉक्टर. आज सगळ्यांसमोर सांगते, तुमचंच बरोबर होतं.

गोळ्यांनीही त्यांचा वेळ घेतला. पहिली लागू पडली नाही, बदलावी लागली. गोळ्यांबरोबर बोलणंही होतं, आठवड्याला एकदा, म्हणजे आधी डॉक्टरांनी बोलायचं आणि तिने खिडकीबाहेर बघायचं. हे सगळं मला भाचीकडून तुकड्या-तुकड्यांनी कळायचं. कधी चार पावलं पुढे, कधी पुन्हा अंथरुणात.

आणि मग एक दिवस मी प्रयोगशाळेत होते, हातमोजे पिवळे झालेले, आणि भाचीचा फोन. ‘मावशी, आई आत्ता चहा पिताना म्हणाली, यात साखर कमी आहे.’

मी जी किंकाळी फोडली! शेजारच्या खोल्यांतून सगळे धावत आले. त्यांना वाटलं डब्या फुटल्या. विचारा हवं तर, समोरच बसलेत सगळे.

थांबा. कोण आलं? या, या. आमचे ग्रंथपाल आहेत. उशिरा पुस्तक आणणाऱ्याला रागावणारे, आणि स्वतः? बसा. नाही, नाही, ती पहिल्या रांगेतली खुर्ची नको. तिच्यावर माझी पर्स आहे, ती मुद्दाम ठेवली आहे. पलीकडे बसा, कृपा करून.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. टकळी बरी होत आहे याचं श्रेय माझ्या हळदीला तसूभरही नाही. उद्या कोणी म्हणालं की हळदबाईंच्या हळदीने बहीण बरी झाली, तर सरळ खोटं आहे म्हणून सांगा. आणि तुमच्या घरात कोणी असा बिनसाखरेचा चहा मुकाट पीत असेल, तर हळदीच्या बरणीकडे धावू नका. या डॉक्टरांसारख्या माणसाकडे जा.

आता ती रिकामी खुर्ची.

टकळी घरात बोलते, भाचीशी बोलते, भाजीवाल्याशी भांडते असं ऐकते. माझ्याशी बोलत नाही. आजच्या कार्यक्रमाचं सांगायला मी भाचीलाच मध्ये घातलं. तिची गोष्ट इथे सांगू का, हेही विचारायला सांगितलं. तिने नको म्हटलं असतं तर मी आज तुम्हाला डब्यांची आकृती दाखवून खाली बसले असते. भाची निरोप घेऊन आली. ‘आई म्हणाली, सांगू दे तिला. पण म्हणावं नीट सांग, रंगवून सांगू नकोस. मी बघते.’

मी बघते! आता तुम्हीच सांगा, याचा अर्थ काय? यायचं की नाही ते बघते? का कशी सांगतेस ते बघते, म्हणजे येणारच? का नीट सांगितलं नाहीस तर बघून घेते? आपल्या भाषेत माणूस ‘बघते’ म्हणाला की पुढच्याने काय समजायचं? लहानपणी मी म्हणी शब्दशः घेत होते. या वयात एका शब्दाने मला पुन्हा त्याच वर्गात बसवलं आहे. मी भाचीला विचारलं, म्हणजे येणार का गं? ती म्हणाली, ‘मावशी, मी पुढे विचारलं नाही. आत्ताशी बोलायला लागली आहे. जास्त विचारलं की पुन्हा गप्प होते.’

म्हणून मी मघापासून दाराकडे बघते आहे. तुमच्याकडे लक्ष नसल्यासारखं वाटलं असेल, तर रागावू नका.

अध्यक्ष महोदयांनी एक चिठ्ठी सरकवली आहे. मी ती वाचणार नाही अशी त्यांना भीती आहे. खरी आहे भीती.

सकाळपासून सगळे विचारताहेत, मॅडम, समाधान वाटत असेल ना? काय सांगू? अशा वेळी हो म्हणायचं असतं. आमचे उंदीर पुन्हा गोड बाटलीकडे वळले. सगळे नाही, पण पुष्कळ. दुसऱ्या एका प्रयोगशाळेने तो प्रयोग करून पाहिला, तिथेही वळले. आता पुढची पायरी माणसांची. तीही आधी निरोगी माणसांची, फक्त एवढं बघायला की अपाय तर होत नाही. ती परवानगी यायची आहे. आली, की हे काम माझी ती मोती जड म्हणणारी विद्यार्थिनी करेल. मी नसेन. आज दुपारी मी तिच्या गळ्यात चावी घातली आणि तेव्हापासून माझा हात सारखा गळ्याशी जातोय. हा बघा, आत्ताही गेला.

उद्या सकाळी उठून मी कुठे जाऊ? डब्या टिकल्या का हे कोणाला विचारू? शेवटी नाकातला तो थेंब माणसांच्या उपयोगाचा निघेल का, का हे सगळं उंदरांचंच भलं होऊन संपेल? मला माहीत नाही. लोक म्हणतात आता निवांत व्हा. निवांतपणा मला शिवलेला नाही, आणि या वयात शिवेल असं वाटत नाही. माझ्या बाबतीत एवढंच झालं की पिवळं द्रव्य आत नेण्याच्या वाटा शोधता शोधता दिवस गेले, आणि एका बंद दाराशी बसून बोलताना माझ्याकडे एकही वाट नव्हती. ते दार तिनेच उघडायचं होतं. अजूनही तसंच आहे.

दारात कोणी नाही ना? वाऱ्याने हललं.

बरं. आता आवरतं घेते. मुलं चुळबुळ करू लागली आहेत, चहा निवतो आहे.

आभार मानायचे आहेत. माझ्या विद्यार्थ्यांचे, ज्यांनी माझी बोलणी खाऊनही डब्या फुटल्या तर फुटल्या असंच सांगितलं, टिकल्या असं कधी सांगितलं नाही. संचालक महोदयांचे, ज्यांनी किती वेळ लागतो असं विचारलं, पण पुरे झालं असं म्हटलं नाही. डॉक्टरांचे, हवापाण्याच्या गप्पांसाठी. माझ्या भाचीचे, जी समोर बसली आहे आणि मघापासून माझ्याकडे बघून विचित्र हसते आहे, का ते देव जाणे. आणि तुम्हा सर्वांचे, इतका वेळ ऐकून घेतलंत म्हणून.

बोलण्याच्या भरात काही उणंअधिक झालं असेल, कोणाचा उल्लेख राहिला असेल, काही चुकीचं सांगितलं गेलं असेल, तर मोठ्या मनाने

काय?

कोण म्हणालं ते? ‘चुकलंय’ असं कोण म्हणालं?

हे वरचे दिवे कोणीतरी कमी करा हो. तो नाही, हा. हां.

टकळे!

तू कधी आलीस? मी दारावरून नजर हलवली नाही आणि तू...

मंडळी, सगळ्यांना नीट ऐकू आलं नसेल, म्हणून सांगते. ती म्हणते, ती सगळ्यांच्या आधी येऊन मागच्या रांगेत बसली आहे, म्हणजे कोणाशी बोलावं लागू नये. आणि म्हणते, मी बघते म्हटलं होतं ना, तर बघतेय.

काय चुकलं, टकळे? जरा मोठ्याने बोल. तू रेडिओवरची आहेस ना!

म्हणते, हळद ती एकटी नव्हती प्यायली. पेले दोन होते. मीही प्यायले होते.

काहीतरीच. मी दाराशी उभी होते. इतकी वर्षं मी ही गोष्ट सांगते आहे आणि दर वेळी मी दाराशीच असते. हो की नाही गं? विद्यार्थ्यांनो, तुम्ही कितीदा ऐकली आहे.

काय? पुन्हा बोल.

म्हणते, ‘तू तोंड पुसलंस, म्हणून तू शास्त्रज्ञ झालीस आणि माझ्या नुसत्या मिशा राहिल्या.’

हसा, हसा. तुम्हाला माहीत नाही हा आवाज मी किती दिवसांनी ऐकते आहे.

थांबा जरा. मला विचार करू द्या. मघाशी मी तुम्हाला त्या पाण्याची चव सांगितली ना? आधी मातकट, मग कडू, मग घशाच्या मागची ती खरखर. ती मला कोणी सांगितली? टकळीने तर कधी सांगितली नाही. आणि दाराशी उभ्या राहिलेल्या मुलीच्या घशात ती खरखर येईल कुठून?

बरोबर आहे, टकळे. प्यायले होते मी. दोघी प्यायलो होतो.

अध्यक्ष महोदय, माझ्या भाषणातली चूक सभागृहातूनच दुरुस्त झाली आहे, तेव्हा मला वेगळी माफी मागायला नको. माईकची वायर मागच्या रांगेपर्यंत पोहोचते का? नाही? असू दे. मीच जाते तिकडे. टकळी सुरू झाली आहे, तेव्हा कार्यक्रम काही वेळेवर संपत नाही, त्याबद्दल मात्र आपण सर्वांनी मला आजच क्षमा करून टाकावी.

आणि चहावाले दादा, पहिला कप मागे द्या. साखर किती, ते तिलाच विचारा.